कारल्याच्या बेटावर बास्केटबॉल

जपानच्या पार दक्षिणेला असलेल्या ओकिनावा बेटावर चाललोय म्हटलं की टोकियोतले आमचे झाडून सगळे मराठी लोक एकच विचारतात, बीच कुठला आणि ॲक्वेरियम करणार ना? आणि मी म्हणाले की नाही हो, बास्केटबॉलची मॅच बघायला चाललोय, तर समोरच्या काकूंचा चेहरा असा झाला जसं काही मी गोव्याला जाऊन ग्रामपंचायत बघणार म्हटलंय. नवरा शेजारीच उभा होता, त्याने लगेच हात झटकले, "माझा काही संबंध नाही, हिचं खूळ आहे."

खूळच आहे. साताऱ्याला शाळेत असताना मी बास्केटबॉल खेळायचे, सिमेंटचं कोर्ट, पडलं की गुडघ्याची सालटी गेलीच, रिंगला जाळी नाही त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडणं. नंतर सगळं सुटलं. मग इथे ऑफिसात एक सहकारी भेटला ओकिनावाचा, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक सोनेरी टॉवेल. र्‍युक्यू गोल्डन किंग्सचा, म्हणजे त्याच्या बेटाच्या बास्केटबॉल टीमचा. एरवी हा माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, पण किंग्सचा विषय काढला की लंच टाइम संपला तरी याचं संपत नाही. चॅम्पियन झाले त्या गोष्टी तो सांगतोच, पण त्याहून जास्त रंगून सांगतो तो पहिला सीझन, ज्यात त्यांची टीम धडाधड हरत होती. मला हे कळेना. हरल्याचं एवढं कौतुक कोण करतं? (हो, आमच्या घरात एक आरसीबीवाला आहे, पण ते वेगळं प्रकरण.)

तर मार्चमधला एक वीकेंड धरला आणि निघालो. टोकियोच्या हनेदा विमानतळाहून ओकिनावातलं मोठं शहर नाहा जवळजवळ तीन तास. जपानमधल्या जपानमध्ये तीन तास विमान, म्हणजे विचार करा. नकाशा बघितला तर नाहाहून टोकियो दीड हजार किलोमीटरच्या पुढे आणि तैवानचं तैपेई साडेसहाशेच्या आसपास. उतरल्या उतरल्या हवा चिकट, कोट काढून हातात, आणि मला एकदम रत्नागिरीला मामाकडे उतरल्यासारखं वाटलं. घरांच्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या! जपानात राहून टाकी दिसली की काय आनंद होतो ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

नाहात मोनोरेल आहे, २००३ साली सुरू झाली, आणि बाकी बेटावर रेल्वे नाहीच. त्यामुळे बस, टॅक्सी नाहीतर भाड्याची गाडी. आम्ही बस धरली. पण आधी जेवण. गोया चाम्पुरू मागवलं, गोया म्हणजे आपलं कारलं, अंडं, टोफू आणि डब्यातलं पोर्क घालून परतलेलं. कारलं बघून नवऱ्याचं तोंड पडलं, "तीन तास विमानात बसून कारलं?" पण खाल्लं त्याने सगळं, वर जिमामी टोफूही खाल्लं जो शेंगदाण्याचा असतो, आणि शेंगदाणा दिसला की सातारकर विरघळणारच. बाजारात साता अंदागी म्हणून तळलेले गोळे मिळतात, गरम खाऊन बघा, गुलगुल्यांचे सख्खे चुलत भाऊ. वेलची तेवढी नाही.

किंग्सचं आताचं घर म्हणजे ओकिनावा अरेना (आता अधिकृत नाव ओकिनावा सनटोरी अरेना), ते नाहात नाही, ओकिनावा सिटी नावाच्या शहरात आहे, ज्याला सगळे कोझा म्हणतात. कोझा म्हणजे कादेना या अमेरिकन एअरबेसच्या गेटला चिकटलेलं गाव. पाट्या इंग्रजीत, टॅटूची दुकानं, शिंप्यांची दुकानं (बरेचसे शिंपी आपल्याकडचेच, एक सिंधी काका हिंदीत "आओ आओ" म्हणाले तर मी रस्त्यातच थांबले), टॅको राईसच्या (भातावर टॅकोचा खिमा) टपऱ्या. १९४५च्या लढाईनंतर हे सगळं बेट अमेरिकेच्या ताब्यात होतं, ते १५ मे १९७२ला जपानला परत मिळालं, त्याआधी इथल्या माणसाला टोकियोला जायचं तर पासपोर्ट लागायचा. आजही जपानमधल्या अमेरिकन तळांची जी जमीन आहे तिच्यातली ७० टक्के या एवढ्याशा प्रांतात. हे सगळं मी इतिहास म्हणून नाही सांगत आहे, बास्केटबॉल इथे एवढा का मुरलाय त्याचं मूळ यात आहे. जपानभर बेसबॉल बेसबॉल चालतं, पण इथे बेसच्या टीव्हीवर एनबीएच्या मॅचेस लागायच्या, त्या कुंपणाच्या अलीकडच्या घरांतही दिसायच्या, पोरं ते बघून पार्कातल्या रिंगवर तेच करायची. सहकारी म्हणतो, आमच्याकडे अंगणात कार नसली तरी चालेल पण भिंतीला रिंग पाहिजे.

अरेना जिथे उभं आहे तिथे आधी काय होतं माहितीये? बैलांच्या झुंजीचं मैदान. स्पेनसारखं माणूस विरुद्ध बैल नाही, बैल विरुद्ध बैल, म्हणजे थेट गोव्यातली धिरयो. हे कळल्यावर नवऱ्याला पहिल्यांदा या ट्रिपमध्ये रस निर्माण झाला.

आणि अरेना खरंच भारी आहे हो. २०२१ला उघडलं, बास्केटबॉलला आठेक हजार माणसं बसतात, आणि उतार इतका तीव्र की खलबत्त्याच्या काठावर बसून आत बघतोय असं वाटतं. २०२३च्या वर्ल्ड कपच्या ग्रुप मॅचेस इथेच झाल्या, जपानने फिनलंडला ९८-८८ हरवलं ते याच कोर्टवर. आमची सीट वरची होती, स्वस्तातली, तरी खाली बुटांचा चर्र आवाज ऐकू येत होता.

पण मला सांगायचंय ते शिट्ट्यांबद्दल. टोकियोत मी दोन-तीन मॅचेस बघितल्यात, तिथे लोक टाळ्या वाजवतात, माइकवाला सांगेल तेव्हा, माइकवाला सांगेल तेवढ्या. इथे समोरची टीम फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणारा, मध्ये कुणी न येता मारायचा नेम) उभी राहिली आणि माझ्या शेजारी एक आज्जी, सत्तरीच्या तरी असतील, मांडीवर डबा, त्यांनी डबा शांतपणे खाली ठेवला, टिश्यूने बोटं पुसली, दोन बोटं वाकवून जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की माझा उजवा कान दोन मिनिटं बंद. त्याला इथे युबीबुए म्हणतात, लग्नात, नाचगाण्यात, सगळीकडे चालते म्हणे. फ्री थ्रो चुकला. आज्जींनी डबा उचलला आणि राहिलेला भात खायला लागल्या. नवऱ्याला चेव आला, साताऱ्याच्या थिएटरात त्याने कॉलेजभर हेच केलंय, त्याने पुढच्या फ्री थ्रोला वाजवली एक, आज्जींनी वळून बघितलं आणि मान हलवली. पास.

मॅच किंग्सनी मारली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण मला ज्यासाठी यायचं होतं ते दुसऱ्या दिवशी होतं.

रात्री हॉटेलवर टॅको राईस खाता खाता मी नवऱ्याला सगळी स्टोरी सांगितली, तीच इथे लिहिते. जपानमध्ये बास्केटबॉलचा वरचा लीग म्हणजे कंपन्यांच्या टीम होत्या. टोयोटा, आयसिन, तोशिबा, हिताची. पगार कंपनीचा, खेळाडू कंपनीचे, प्रेक्षकांतही कंपनीचेच लोक भरपूर. ज्या प्रांतात मोठी कंपनी नाही तिथे टीमही नाही, विषय संपला. मग निईगाता अल्बिरेक्स आणि सैतामा ब्राँकोस या दोन टीम बाहेर पडल्या आणि २००५ला बीजे लीग नावाचा प्रोफेशनल लीग सुरू झाला, पहिल्या वर्षी सहाच टीम, गावाच्या नावाने, गावच्या तिकिटांवर जगणाऱ्या. शनिवारी मॅच, रविवारी परत त्याच दोन टीमची मॅच, म्हणजे विमानाचं भाडं एकदाच. आपल्याकडे लग्न आणि मुंज एकाच हॉलवर उरकतात तसं.

ओकिनावात मोठी कंपनी कुठली? ऊस, पर्यटन आणि बेस. पण तात्सुरो किमुरा नावाचा एक माणूस, मूळ टोकियोचा, त्सुकुबा युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, त्याने २००६ला ओकिनावा बास्केटबॉल नावाची कंपनीच काढली आणि टीमचं नाव ठेवलं र्‍युक्यू गोल्डन किंग्स. ओकिनावा नाही, र्‍युक्यू. म्हणजे १८७९ला जपानने खालसा केलं ते जुनं राज्य. बाहेरच्या माणसाने येऊन हे नाव उचललं याची मला गंमत वाटते. सातारची गादी खालसा झाली त्याला पावणेदोनशे वर्षं झाली तरी आमच्याकडे लोक अजून छत्रपतींच्या नावाने टीम काढतात, तेव्हा या नावाची जादू मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

२००७-०८ला टीम उतरली. लीगमध्ये तेव्हा दहा टीम. कोच अमेरिकन, हर्नांडो प्लॅनेल्स. १० जिंकल्या, ३४ हरल्या. लीगच्या वेस्ट गटात तळाला. नवरा म्हणाला, "आणि तरी लोक यायचे?" हेच तर. यायचे.

आता दुसरं वर्ष ऐका. प्लॅनेल्स गेले, नवा कोच दाई ओकेतानी, तिशी नुकती ओलांडलेला. ओसाका एव्हेसाने लीगचे पहिले तिन्ही किताब जिंकलेले, त्या तिन्हींत खेळलेला जेफ न्यूटन उचलून किंग्सनी बेटावर आणला, सोबत अँथनी मॅकहेन्री नावाचा दुसरा अमेरिकन. न्यूटन इंडियानाकडून २००२ची अमेरिकन कॉलेज फायनल हरलेला आणि मॅकहेन्री जॉर्जिया टेककडून २००४ची. स्थानिक पोरांत शिगेयुकी किंजो, पहिल्या वर्षीच्या ३४ हारी खाऊन उरलेला. आणि या टीमने ५२ पैकी ४१ मारल्या! प्लेऑफमध्ये त्याच ओसाकाला घरी पाठवलं आणि मे २००९ला टोकियोच्या आरिआके कोलोसियममध्ये फायनल, समोर टोकियो अपाचे, आणि अपाचेचा कोच कोण तर जो ब्रायंट. एनबीएवाल्या कोबी ब्रायंटचे बाबा. किंग्स चॅम्पियन. तळातून वर, एका वर्षात. (ती टोकियो अपाचे आता नाहीच, २०११मध्ये बंद पडली. राजधानीची टीम गेली आणि बेटावरची राहिली, हे सांगताना माझा सहकारी न चुकता चहा मागवतो.)

पुढचं भरभर सांगते, बीजे लीगचे चार किताब झाले, २००९, १२, १४, १६. मग कंपन्यांचा लीग आणि बीजे लीग यांच्या भांडणात फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, २०१४ला जपानला सस्पेंडच केलं होतं, तेव्हा सगळ्यांना एकत्र करून २०१६ला बी लीग आला आणि त्याची पहिलीवहिली मॅच २२ सप्टेंबरला टोकियोत, एका बाजूला टोयोटावाले अल्वार्क आणि दुसऱ्या बाजूला किंग्स. एलईडीच्या कोर्टवर. किंग्स हरले, ८०-७५. पण कंपनीवाले विरुद्ध गाववाले अशी मॅच लावायची म्हटल्यावर गाववाल्यांमधून यांनाच बोलावलं. २०२३ला बी लीगही जिंकला, आणि कोच परत तोच ओकेतानी, मधली वर्षं बाहेर काढून परत आलेला.

रविवारी सकाळी मला बघायचं होतं ते गिनोवान नावाच्या शहरातलं म्युनिसिपल जिम. सुरुवातीच्या वर्षांत अरेना वगैरे काही नव्हतं, किंग्स इथे, नाहाच्या जिममध्ये, कोझाच्या जिममध्ये असं बिऱ्हाड पाठीवर घेऊन खेळायचे, त्यात गिनोवान सगळ्यांच्या तोंडात. समुद्राला लागून आहे, हायवे ५८च्या बाजूला, या हायवेला लोक प्रेमाने गोप्पाची म्हणतात. बसचा घोळ झाला (माझ्यामुळे, उलट्या दिशेची धरली) म्हणून टॅक्सी केली.

टॅक्सीवाले आजोबा. जिमचं नाव ऐकल्यावर आरशातून बघत म्हणाले, "नेने, आज तिथे काही नाहीये हं." नेने म्हणजे ताई, आडनाव नव्हे, नवरा उगाच हसत बसला. मी म्हटलं माहितीये, किंग्सची पहिली जागा बघायचीय. त्यावर गाडीचा वेग कमी झाला आणि आजोबांचा वाढला. पहिल्या वर्षी गेलो होतो म्हणाले, मेव्हणीने फुकट तिकिटं दिली म्हणून. हरले. पुढच्या शनिवारी स्वतःच्या पैशाने गेलो. परत हरले. मी विचारलं मग परत का गेलात, तर म्हणाले, "आमचा किंजो होता ना." मग थोड्या वेळाने, "आणि हेन्तोना बघितलंय आम्ही, नेने, उंच लोकांना कसं दमवायचं ते आम्हाला माहिती होतं, या पोरांना शिकायला वेळ लागणार एवढंच."

हेन्तोना हे मी सहकाऱ्याकडून ऐकलं होतं, पण आजोबांनी ज्या तऱ्हेने नाव घेतलं तसं आपल्याकडे लोक ८३चा वर्ल्ड कप म्हणतात. बेटाच्या अगदी उत्तरेला, यानबारूच्या जंगलाकडे, हेन्तोना हायस्कूल. १९७८ला युकिओ आसातो नावाच्या विशीतल्या मास्तरने तिथली बुटकी पोरं, सरासरी उंची १७० सेंटीमीटरच्या आत, ऑल जपान इंटरहायला (देशभरच्या हायस्कूलांची स्पर्धा) नेली आणि तिसरी आणली. बॉल मिळाला की पळायचं, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, एवढाच फॉर्म्युला. आणि त्याच उन्हाळ्यात, ३० जुलैला, अख्ख्या ओकिनावाने रातोरात गाड्या उजवीकडून डावीकडे आणल्या, अमेरिकन पद्धत सोडून जपानी. आजोबा तेव्हा नवीनच ड्रायव्हर. "सकाळी रस्त्यावर सगळे घाबरत चालवत होते, आणि आमची पोरं तिकडे मेनलँडच्या पोरांना पळवत होती." मेनलँडवाल्यांना ते नाइचा म्हणतात आणि स्वतःला उचिनान्चू. मी म्हटलं आम्ही कोण मग? "तुम्ही इंडिया," आजोबा म्हणाले, "कारलं खाता ना? चालेल."

मध्ये डोक्यावरून काहीतरी प्रचंड घरघरत गेलं, नवरा काचेला नाक लावून बघायला लागला. फुतेन्मा हा अमेरिकन एअरबेस गावाच्या बरोबर मध्ये आहे. आजोबांनी तेवढा वेळ बोलणं थांबवलं, आवाज गेला की तोडलेल्या शब्दापासून परत सुरू. तोडलेला शब्द होता गुडघे. म्हणजे किंग्सचा एक परदेशी खेळाडू एकदा यांच्या टॅक्सीत बसला होता, कोण ते नाव त्यांना आठवत नाही, पण त्याचे गुडघे दोन्ही कानांपाशी आले होते आणि उतरताना तो सॉरी म्हणाला. टॅक्सीला सॉरी म्हणाला, मला नाही, असं ते म्हणाले.

जिम. काय सांगू, आपल्या जिल्हा क्रीडा संकुलासारखं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने रंग उडालेला, दारात सायकली. कुठे पाटी बिटी असेल म्हणून मी शोधत होते, "येथे ३४ पराभवांपैकी..." वगैरे. काउंटरवरच्या बाईंना सांगितलं की फक्त बघायचंय, तर त्यांनी वरच्या गॅलरीत जा म्हणून स्लिपर पुढे केल्या. बूट काढले आणि माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. छोटं नाही, अंगठा पूर्ण बाहेर. बाईंनी जपानी सभ्यतेने छताकडे बघितलं.

वर लाकडी फ्लोअरचा वास येतो, घाम, वॉर्निश आणि जुन्या पडद्यांचा मिळून, तो सगळीकडे एकच असतो बहुतेक. खाली अर्ध्या कोर्टवर बायका बॅडमिंटन खेळत होत्या, उरलेल्या अर्ध्यात चौथी-पाचवीतली पोरं बास्केटबॉल. गॅलरी इतकी जवळ की कठड्यावरून वाकलं तर खालच्याच्या डोक्यातला भोवरा दिसेल. काल अरेनात आठ हजार माणसांत बसून जे कळलं नव्हतं ते इथे डोळ्यांनी दिसलं, की इथे बसून ओरडलं तर ते खेळाडूला नावानिशी ऐकू जाणार, आणि हरल्यावर बाहेर पार्किंगमध्ये तो समोर येणार, मान खाली घालून, आणि तुम्ही त्याला काहीतरी म्हणणार, आणि मग पुढच्या शनिवारी न जाऊन कसं चालेल?

खाली एक बारका पोरगा होता, सोनेरी जर्सी गुडघ्यापर्यंत आलेली, सारखा एकच मूव्ह करत होता, डावीकडे खोटं जायचं, थांबायचं, उजवीकडून निसटायचं आणि बॉल रिंगवर आपटायचा. सात वेळा मोजलं मी. आठव्यांदा गेला आत, तर त्याने वर आमच्याकडे बघितलं, म्हणजे बाळ आम्ही आहोत हे पहिल्यापासून बघत होतं. नवऱ्याने शिट्टी मारली. बॅडमिंटन थांबलं. आम्ही गोमेन नासाई गोमेन नासाई (माफ करा, माफ करा) करत जिना उतरलो.

आजोबा मीटर बंद करून बाहेर उभे होते. "काही नव्हतं ना?" म्हणाले.

जाणार असाल तर: सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, ऐन वेळी मिळत नाही. अरेनाला मॅचच्या दिवशी नाहाहून थेट बस असतात पण परतीच्या बसला मोठी रांग लागते, रात्रीचं विमान अजिबात ठेवू नका. वरच्या सीट पुरतात, पण गुडघेदुखी असेल तर तो उतार जपून. साता अंदागी सकाळचे घ्या, संध्याकाळचे दगड होतात. गिनोवानला बीचही आहे, पाच मिनिटांवर, काकूंना फोटो पाठवायला उपयोगी पडला. आणि मोजे चांगले घाला.